डाव्या मडक्याची तार

बापू, तुमच्या मालाच्या गाडीत मी टेप बसवला. महिना होत आला त्याला. टेप म्हणजे तुमच्या वेळचा कॅसेटचा नाही, पण आपल्याकडं गाडीत गाणं वाजवणाऱ्या कशालाही अजून टेपच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. हिंगोलीतून आणलेली तळहाताएवढी ॲम्प्लिफायरची पाटी, मोबाईलमधलं गाणं बिनतारेचं ओढून घेणारी एक चिमुकली पट्टी, भंगारातले दोन स्पीकर आणि दोन मडकी. एवढंच. मडक्यांची अक्कल तुमचीच. ड्रायव्हरच्या सीटमागं दोन मडकी ठेवून त्यांच्या तोंडावर स्पीकर उपडे बसवले की आवाज पोटातून येतो, हे तुम्ही कुठं शिकलात ते मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. असं बरंच काही राहिलंय.

अक्काचाच फोन आला होता पुसेगावहून. म्हणाली, "तुझ्या दाजीला गाडीत गाणं पायजे. त्या खडखडीनं डोस्कं उठून राहिलंय म्हणते. तुला येतंय न् बसवता? का तेबी अर्धंच येतंय?" मी तेव्हा अकोल्यात एका मंडपवाल्याकडं होतो. त्याच्या आधी नांदेडला हॉटेलात, त्याच्या आधी कुठं कुठं. लग्नाचे मंडप बांधायचं काम तसं चांगलं, रोज नवं गाव, रोज नवं जेवण, फक्त उतरवताना जीव जातो. ते असू द्या. तुमची गाडी म्हटल्यावर मी निघालो. तुमची म्हणतोय मी. दहा वर्षं दाजी चालवतोय तरी माझ्या तोंडून त्याची गाडी असं निघत नाही. त्याला तोंडावर अहो-जाहो करतो, पण इथं कागदावर तो म्हणणार. तुम्हाला आवडणार नाही, तरी म्हणणार.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, समोर दोन स्पीकर, हातात पेन्सिल सेल. माय भाकरी थापतेय. तुम्ही सेल स्पीकरच्या दोन तारांना टेकवता आणि काळा पडदा टप्पकन बाहेर येतो. "पाह्य, श्वास सोडला," तुम्ही म्हणता. "आता सेलचं टोक ज्या तारेला हाये, ती अधिकची. तिला खूण करायची. दोन्ही मडक्यानं संगंच श्वास सोडला पायजे. एकानं सोडला अन् दुसऱ्यानं घेतला, तर दोघं मिळून मुके. आवाज येते, पण पोट बसते." मग तुम्ही मागं हात करून मायची कुंकवाची डबी घेतली आणि अधिकच्या तारेला बोट लावलं. माय म्हणाली, "काहून हो, बायकोला सोडून डबड्याला कुंकू लावून राहिले?" तुम्ही म्हणालात, "तुला कोण चुकीचं जोडणार हाये?" माय हसली, तिची भाकरी करपली. मला वाटतं तुम्हा दोघांना एकमेकांकडं बघून हसताना मी तेवढंच पाहिलं.

दुसरा स्पीकर तुम्ही मला दिला होता. मलाच. दाजी तेव्हा नवा जावई, पाहुणा म्हणून आलेला, दाराजवळ अंग चोरून बसला होता. मी सेल धरला आणि तेवढ्यात पत्र्यावर वानरं उतरली. सात-आठ होती, एकीच्या पोटाला पिल्लू. मी उठून बाहेर गेलो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वानरं पुढं महादेवाच्या पारापर्यंत गेली, मीही गेलो. परत आलो तर दाजीनं सेल लावून, कुंकू लावून, तार पिळून ठेवली होती. तुम्ही मडक्याच्या पोटावर तळहात ठेवला, गाणं चालू केलं, डोळे मिटले आणि म्हणालात, "बराबर." एकच शब्द. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू अर्ध्या कामावरून उठतो. तुझं उरलेलं अर्धं दुसऱ्यालाच करावं लागते."

बापू, त्या शब्दाची मला भूक लागली ती अजून गेली नाही. दाजीनं गाडी उलटी घेऊन जवळा बाजारच्या अडतीसमोर लावली की बराबर. दाजीनं ताडपत्रीची दोरी आवळली की बराबर. मी आवळली की तुम्ही येऊन नुसती ओढून बघायचात आणि पुन्हा बांधायचात. मी घर सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, पोराच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी वगैरे काही नव्हती. जिथं मला ऐकू येईल तिथं तो शब्द दुसऱ्याला मिळत होता, म्हणून मी ऐकू येणार नाही एवढ्या लांब गेलो. तुम्ही गेलात तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोचलो. गाडीची किल्ली दाजीच्या करदोट्याला होती. अक्कानं माझ्या हातात तुमचा टेस्टर ठेवला, तो लाल मुठीचा. "तुझ्यासाठी ठेवला व्हता," म्हणाली. त्याला गाडी, मला टेस्टर.

तर मडकी. ती जवळा बाजारच्या बाजारातून मीच आणली. कुंभारीण मावशी बसली होती. मी एकेक मडकं उचलून टिचक्या मारतोय, कान लावतोय. ती म्हणाली, "अरे लेकरा, कोणतंबी घे, पाणी गारच ऱ्हायते." मी म्हटलं, "पाण्याला नको मावशी, गाण्याला पायजे." ती शेजारच्या मिरचीवालीला म्हणाली, "आता घ्या! मडकं गाऊन राहिलं म्हणते हा." मग तिनंच मागच्या गवतातून दोन काढून दिली, एका भट्टीची, एका जाडीची. "हे जुळे हायेत. यातलं एक फुटलं त् मला सांगू नको."

दोन दिवस मी पुसेगावात लिंबाखाली त्या गाडीत घुसून होतो. मडक्यांखाली पोत्याची चुंबळ, भोवती ट्यूबचे रबर, म्हणजे खड्ड्यात आदळणार नाहीत. ॲम्प्लिफायर तेलाच्या डब्यात बसवला, डब्याला गरम हवेसाठी खिळ्यानं भोकं पाडली. तारांना कथलाचे डाग सगळे चकचकीत दिले, एकही ढिला नाही. अक्का मधून चहा आणायची आणि दाजी जवळ बसून राहायचा, काही हवं-नको बघत. "पाव्हणे, पक्कड देऊ? पाव्हणे, ऊन येऊन राहिलं, ताडपत्री लावू?" इतका चांगला वागत होता की मला राग येत होता. मध्ये त्यानं स्टिअरिंगला हात लावला, अगदी तुमच्यासारखा, दोन बोटांनी, आणि म्हणाला, "बापू असते त् खूश झाले असते." तुम्हाला तो बापू म्हणतो. मी इतकी वर्षं ऐकतोय, तरी त्या दिवशी मी त्याच्याकडं पाठ केली.

मी सेल काढला. उजवा स्पीकर तपासला, कुंकू लावलं. डावा तपासला, त्यालाही कुंकू लावलं. आणि जोडताना डाव्याची तार उलटी जोडली.

चुकून नाही. वानरं नव्हती, काही नव्हतं. पहिल्यांदाच पूर्ण लक्ष देऊन काम केलं मी, आणि ते हे.

गाणं लागलं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, पण पोट बसलेलं. ढोलकी कुठंतरी शेजारच्या गल्लीत वाजल्यासारखी. दाजीनं मान तिरकी केली. मडक्याच्या पोटावर तळहात ठेवला, बापू, तुमच्यासारखाच. डोळे मिटले. मला वाटलं, आता सांगेल. त्यानं डोळे उघडले, माझ्या घामेजल्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "बराबर."

त्या दिवशी जेवताना मी अक्काला सहज विचारल्यासारखं विचारलं, बापू दाजीला इतकं बराबर बराबर काहून म्हणायचे. ती पोळी वाढता वाढता हसायला लागली. "अरे, त्याह्यला ऐकू कुठं येत होतं शेवटी? इंजनानं कान खाल्ले व्हते. काही बी विचारा, बराबर. मी विचारलं बापू भाजी खारट झाली का, त् म्हणे बराबर. दारात भीक मागायला आला त्यालाबी बराबर." दाजीही हसला. "मला माहीत व्हतं की. तरी बरं वाटायचं," म्हणाला.

मला हलकं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उलट वाटलं, म्हणजे भिकाऱ्यालासुद्धा मिळाला. शेवटची ती दोन वर्षं मी घरी असतो तर मलाही फुकटात मिळाला असता, रोज दहादा. आणि स्वयंपाकघरातला तो पहिला? तेव्हा तर तुमचे कान धड होते. तो खराच होता. तो त्याचाच आहे.

आता मी औंढ्याच्या स्टँडवर बसलोय. देवळाकडं जाणाऱ्यांची गर्दी उतरतेय, नारळवाले ओरडतायत. एक म्हातारी मला विचारून गेली, कोणाला लिहितोस रे? मी म्हटलं, घरी. सकाळी अक्काचा फोन आला होता. हसत होती. "तुझ्या दाजीनं तिसऱ्यांदा मडकं बदललं. आवाज कमी येते म्हणते, मडकंच कच्चं असंल. ती कुंभारीण आता त्याह्यला पाहूनच पदर तोंडाला लावते." मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? "तुझ्याबद्दल काय म्हणतीन? पाव्हण्याचं काम पक्कं हाये म्हणते, मडक्यातच खोट हाये."

तो मडकी बदलतो, माणसात खोट काढत नाही. तुम्हाला हाच पोरगा पाहिजे होता, मला कळतंय. कळलं म्हणून जळायचं थांबत नाही.

टेस्टर खिशात आहे. पुसेगावकडची गाडी समोर लागली आहे, कंडक्टर दार धरून उभा आहे. दोन तारांची अदलाबदल, पाच मिनिटांचं काम. ते मी करीनही. पण बापू, करताना त्याला सांगणार नाही. नवीन मडकं चांगलं निघालं, असंच त्याला वाटू देणार.