खिशातला रोटर

बाबा,

परवा शाळेत मला बोलावलं होतं. स्वतःच्या जोरावर काही शिकलेल्या बाईची गोष्ट मुलींना ऐकवायची, असं तिथल्या मुख्याध्यापिकांनी ठरवलेलं. मी नेहमीची गोष्ट सांगितली. पहिली गाडी कशी घेतली, ती खोलून खोलून कशी शिकले, कोल्हापूरच्या एका मोठ्या शोरूमने सर्व्हिस विभागातल्या नोकरीसाठी मुलाखतीला कसं बोलावलं आणि त्याच सकाळी माझ्याच वडिलांनी गाडीतला एक भाग काढून खिशात कसा घातला. इथे लोक हमखास हळहळतात. मग मी म्हणते, "माझी नोकरी बापाच्या खिशात राहिली," की सगळे हसतात. मुलीही हसल्या. घरी आले तर आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिला बातमी माझ्याआधी पोचलेली होती, आपल्या वाडीत ती पोचतेच. वर न बघता म्हणाली, "किती वर्सां बदनाम करतलंस गो त्या माणसाक? तू मागूक नाय, म्हणान तेनी देवक नाय." मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर ती खडे वेचायला लागली. मेलेल्या नवऱ्याची बाजू बायका सावरून घेतातच, म्हणून आईच्या बोलण्यावर माझा पुरता विश्वास नाही. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

संशय मी तुमच्याकडूनच शिकले, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. बाजारात पापलेटाचा कल्ला उघडून आत बोट घातल्याशिवाय तुम्ही मासा घेतला नाही. कोणी फार गोड बोललं की घरी येऊन म्हणायचात, "ह्येका काय तरी होया आसा." गाडी बघायला आपण मालवणला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. डॉक्टरांची गाडी, पांढरी, छोटी, तेव्हा दर चार घरांत एकाकडे असायची तसली. डॉक्टर स्वतः बाहेर आले, चहा विचारला, एका हातची गाडी आहे म्हणाले. तुम्ही चहाला नको म्हणालात. आधी पायाखालचं जाजम उचलून नाक खुपसून वास घेतलात. दरवाजाच्या खालच्या कडेवर बोटाने टकटक केलीत, कारण समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी वरून नवरी आणि खालून गंज. डॉक्टर मीटरवरचा आकडा दाखवायला लागले, तेव्हा तुम्ही खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघत होतात. एका बाजूने पार झिजलेलं. परतताना मला म्हणालात, "मीटर खोटा बोलता, पेडल बोलणा नाय." तरी गाडी घेतली आपण. म्हणजे मी घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागून चार वर्षं झाली होती, आणि मला ती हवीच होती. तुम्ही नारळ फोडलात, देवाकडे गाऱ्हाणं घातलंत, आणि गाऱ्हाण्यातही "ह्या चेडवाक कोण फसवूचो नाय, असा बघ रे म्हाराजा" असं सांगितलंत. देवालासुद्धा तुम्ही राखणीलाच ठेवलंत.

मग कट्टा गावचा मेस्त्री. बोलायला लाघवी, "ताई, तुम्ही सावलीत बसा" म्हणणारा. मला तेव्हापासून सावलीत बसा म्हणणाऱ्या माणसांची भीती वाटते. गाडी त्याच्याकडे नेली की चार दिवस बरी चालायची, पाचव्या दिवशी दुसरीच खोड काढायची. एकदा मी हवेच्या फिल्टरच्या झाकणावर आणि खालच्या डब्यावर मिळून नखांना लावायच्या लाल पॉलिशचा एक ठिपका दिला. झाकण उघडलं तर ठिपका तुटणार. मेस्त्री म्हणाला, फिल्टर काढून साफ केला. घरी येऊन बघते तर ठिपका अखंड. मी इतकी चिडले की सरळ कुडाळला जाऊन दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आणि स्वतःचे पाने आणले. लोकांना वाटतं मला गाड्यांचं वेड होतं म्हणून मी शिकले. वेड नंतर लागलं. आधी फक्त मला कोणी बनवू नये एवढंच होतं. पण शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान लावता लावता कधीतरी मजा वाटायला लागली. इंजिनाचा आवाज बदलला की मला जेवण सुचेना. शाळेतून आले की मी घरापुढच्या खळ्यात, बॉनेटखाली. गाडीत जिथे जिथे कोणी हात घालू शकेल तिथे माझे लाल ठिपके. आई म्हणायची, चेडवाच्या हाताला आता कायमचा डिझेलचा वास. गाडी पेट्रोलवर होती, पण आईला कोण सांगणार.

तुम्ही लांबून बघायचात. कार्ब्युरेटर खोलून त्याचे बारीक बारीक भाग मी वर्तमानपत्रावर मांडले होते तो रविवार आठवतोय? दोन तास जुळवूनही एक स्प्रिंग हातात उरलेली. तुम्ही काजूच्या बिया वाळत घालता घालता थांबलात आणि म्हणालात, "खोलूक सगळ्यांका येता. लावूक येता काय तुका?" मला रडू आलं. आयुष्यभर गाड्यांत काढलेला माणूस, पण हात लावायचा नाही, शिकवायचं नाही, फक्त टोचून बोलायचं. संध्याकाळी मात्र ट्रंकेतून एक जुनी वस्तू काढून तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्लगमधली फट मोजायचा. "रेडीक हुतंय तेव्हाचो," एवढंच बोललात. तो अजून माझ्याकडे आहे आणि अजून त्यावर कोणाला हात लावू देत नाही.

रेडीच्या गोष्टी तुम्ही जेवतानाच सांगायचात. खाणीवरच्या साहेबाची जीप तुमच्या ताब्यात. संध्याकाळी साहेब बंगल्यावर गेले की बाकीचे डायव्हर जीप पळवून दशावतार बघायला जायचे आणि सकाळी पेट्रोल का कमी म्हणून बोलणी तुम्हाला. मग तुम्ही युक्ती काढलीत. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायची, आतला रोटर उचलायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. अंगठ्याएवढी तपकिरी वस्तू, वर पितळेची पट्टी. ती नसली तर ठिणगी कुठल्याच प्लगपर्यंत पोचत नाही, किल्ली कितीही फिरवा, इंजिन नुसतं घरघरतं. "रोटर खिशात आसलो काय गाडी आपली," असं म्हणून तुम्ही सोलकढीची वाटी तोंडाला लावायचात. खाण सुटली तरी ती सवय काही सुटली नाही. कोणी पाहुणा जीप घेऊन मुक्कामाला आला तरी तुम्ही विचारायचात, रोटर काढलास काय रे.

कोल्हापूरचं पत्र आलं तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाजारातून दोन केळी कमी आली तरी चौकशी करणारा माणूस. मुलगी दीडशे किलोमीटर लांब जायला निघाली आहे, नोकरी लागली तर तिथेच राहणार आहे, आणि हा माणूस भातात आमटी कालवतोय. फक्त एकदा म्हणालात, "घाट आसा." मी म्हटलं, "माहीत आहे." "फोंड्याचो घाट," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, गाडीच्या कामासाठी जायचं तर स्वतःच्या गाडीतूनच जाणार, एस्टीने गेले तर काय इभ्रत राहील. आधीच्या संध्याकाळी तुम्ही गाडीभोवती दोन फेऱ्या मारलेल्या मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितल्या. टायर बघत होतात, असं तेव्हा मला वाटलं. म्हणजे तसं मला वाटून घ्यायचं होतं.

सकाळी मी नवीन साडी नेसून निघाले. आईने दह्याची कवडी हातावर ठेवली. किल्ली फिरवली, गाडी घरघरली. परत फिरवली, परत तेच. पहिली एस्टी आधीच गेलेली. मी उतरून बॉनेट उघडलं, आणि समोर पहिल्यांदा दिसला तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरचा लाल ठिपका, मधोमध तुटलेला. टोपी काढली. आत रोटर नाही. मला सगळं एका क्षणात कळलं. टोपी परत बसवली, बॉनेट खाली घेतलं. तुम्ही ओसरीवर कप घेऊन बसलेले. चहा केव्हाच संपलेला होता, आणि डावा हात शर्टाच्या खिशावर.

"काय झाला?" तुम्ही विचारलंत.

"सुरू होत नाही."

"बघलंस?"

"बघितलं."

"मगे?"

"काही कळत नाही."

तुम्ही रिकामा कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलंत. मग हळू म्हणालात, "तुका कळणा नाय?" मी म्हटलं, "नाही." आणि आत जाऊन साडी बदलली. दुपारी बघितलं तर रोटर जागेवर होता, गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मी दोन महिने तुमच्याशी बोलले नाही. त्यानंतर बोलले ती सगळ्या गावाशी. लग्नात, बारशाला, शिमग्याला, जिथे चार माणसं जमतील तिथे. तुमच्या तोंडावरही सांगितलं, हसत हसत, म्हणजे तुम्हाला उठून जाता येऊ नये. आणि तुम्ही प्रत्येक वेळी मान डोलावलीत. मामाने एकदा रागाने विचारलं, "खरा काय ह्या?" तेव्हा म्हणालात, "होय, मीच काढलंय." बस्स. का काढला ते कधीच सांगितलं नाहीत. मी वाट बघत होते की कधीतरी चिडाल, काहीतरी बोलाल. तुम्ही दोन वर्षांत गेलात.

इतकी वर्षं मी तुमच्यावर एकच संशय घेतला, की लेक हातची जाऊ नये म्हणून हे केलंत. परवापासून दुसराच संशय आहे, आणि तो जास्त वाईट आहे. तुम्हाला कळलं होतं. गाडीतला खिळा न् खिळा ओळखणारी मुलगी टोपी उघडून बघते आणि म्हणते काही कळत नाही, हे ऐकल्यावर तुम्हाला कळलं होतं की मला जायचंच नाही. मला घाटाची भीती वाटत होती, बाबा. कुडाळच्या पुढे मी कधी गाडी नेली नव्हती. कोल्हापुरात ते इंग्रजीत विचारतील, पुरुषांनी भरलेल्या वर्कशॉपमध्ये मी साडी नेसून उभी राहीन, आणि पुस्तकात वाचलेला शब्द चुकीचा उच्चारला म्हणून कोणीतरी हसेल. बॉनेट उघडलं तेव्हा राग नंतर आला. आधी सुटल्यासारखं वाटलं. ते तुम्ही बघितलंत की काय, आणि बघून, पुढे मरेपर्यंत माझं भित्रेपण स्वतःच्या नावावर वागवलंत की काय? लेकीला भित्री म्हणवून घ्यायला लागू नये म्हणून? तसं असेल तर मला तुमचा राग येतो. निदान एकदा तुम्ही मला खोटी म्हणायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर मी घाट चढले. पहिल्या वेळी हाताचा घाम स्टिअरिंगवर निथळत होता, पण चढले. पुढे कितीदा चढले त्याचा हिशेब नाही. आता लोक धामापूरपासून गाड्या घेऊन आपल्या खळ्यात येतात, मी नुसता आवाज ऐकून सांगते काय बिघडलंय, आणि कोणालाही सावलीत बसवत नाही. समोर उभं राहून बघा म्हणते. इतका खरेपणा मी लोकांच्या गाड्यांशी करते. हा कागद कुठे पाठवायचा म्हणून नाही, पण घडी घालून ठेवण्याआधी तेवढा खरेपणा तुमच्याशीही एकदा करायला हवा.

आई म्हणते मी तुमच्याकडे रोटर मागितला नाही. मागायची गरजच नव्हती. महिनाभर आधी, पत्र आलं त्याच आठवड्यात, मी कुडाळहून दुसरा रोटर आणून डिकीत स्टेपनीखाली फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तुम्ही असं काही कराल अशी मला खात्रीच होती. दोन मिनिटांचं काम होतं. मी डिकी उघडलीच नाही.