अंघोळीचा नंबर

अहो,

प्रफुल्लकडे अमेरिकेत अल्फारेटाला येऊन महिना झाला. इथे गीझरला बटणच नाही. गॅरेजमधल्या मोठ्या टाकीत पाणी कायम गरम असतं. तरी अंघोळ झाली की मी बटण शोधायची. कानात तुमचंच, "गीझर बंद केला का?"

नागपूरला तुमची, मग पोरांची झाली की उरलेलं कोमट पाणी मी अंगावर ओतून घ्यायची. काल मात्र सगळ्यांच्या आधी शॉवरखाली गेले आणि गाणं म्हणत उभीच राहिले. माझ्यानंतर प्रफुल्ल गेला आणि आतून ओरडला, "आई, पाणी गार झालं!"

सूनबाई हसली. "थांब जरा, तापेल परत."

हे पत्र पाठवत नाही, उगाच फोनवर ओरडाल. तुम्ही इथे आलात की सांगेन, तुमचा नंबर माझ्यानंतर.

तुमचीच,
यशोधरा