मरियमबाईंची फळी

सीब, शुक्रवार, १४ मार्च २०१४

प्रिय सॅव्हियो,

थोरल्याचा आशीर्वाद, घेशील तर. आठ वर्षांनी माझं पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पडू देत. मी ठणठणीत आहे. इरीनने पाठवलेले सुके बोंबील पोचले. तुझ्या बायकोने तुला सांगितलं नसेल, तर आता कळलं. तिला ओरडू नकोस.

एक नवल सांगतो. इथे आखातात आमच्या वर्कशॉपवर मरियम नावाच्या सिरियाच्या बाई आल्या. आयकॉन काढायला फळी हवी होती. आयकॉन म्हणजे त्यांच्या चर्चमधलं पवित्र चित्र. नुसती रंधा मारलेली फळी चालेना! वर कापड चिकटव, खडू आणि सरसाचे हात दे, घासून गुळगुळीत कर. घाम काढला माझा. मग अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. चेहरा आधी मातकट, त्यावर उजळ थर, आणखी उजळ थर. मागे सगळा सोन्याचा वर्ख. सावली औषधालाही नाही. म्हणाल्या, "तिथे उजेड बाहेरून पडत नाही." डोळे हे एवढे, ओठ इवलेसे. काय हात आहे रे बाईंचा!

आता मी सुतार, गप्प बसतो काय? मरियामातेचं आसन पुढे अरुंद, मागे रुंद काढलेलं. म्हटलं, "बाई, माप चुकलं." त्या हसल्या. "रेषा तुझ्याकडे येऊन मिळतात. तू चित्र बघत नाहीस, ते तुला बघतंय."

खरंच बघत होतं. मला तिथे उभं राहवेना.

शेवटी मातेचं नाव लिहून त्यांनी ब्रश धुतला. "खलास."

"आणि तुमचं नाव?"

"माझं कशाला? फळी तुझी, वर्ख लावला माझ्या बहिणीने."

सॅव्हियो, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. आपल्या चर्चच्या वेदीवरचे देवदूत तू कोरलेस. मी फक्त फळ्या जोडल्या, आणि खाली माझं एकट्याचं नाव खोदलं. फादरांनी विचारलं, तर म्हणालो, "सॅव्हियो नुसता पॉलिशला होता." तू मागे उभा होतास, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो. लाज वाटते रे मला.

ईस्टरला येतोय, रजा मंजूर झाली. फादरांना विचारून ठेव. पटाशी मी आणतो, ते नाव मीच खरवडून काढीन. तू शेजारी बॅटरी धरून उभा राहा. तुझ्या देवदूतांना ओरखडा जायला नको.

तुझा थोरला भाऊ

(खाली नाव घालत नाही. अक्षर ओळखशील.)