भिया म्हणजे भाऊ

छत्रीबाग, इंदूर
९ जुलै २०२४

चि. अरुंधतीस ताईचा आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे. मी फोन उचलला की तुझा धनेश दाराशी येऊन उभा राहतो. त्याच्याविषयीच बोलणं चाललंय असं त्याला वाटतं.

तुझे चिरंजीव एम.एस्सी.साठी माझ्याकडे राहायला आले खरे, पण सध्या कॉलेजला जात नाहीत. का, तर म्हणे मोहल्ल्यातले सगळे त्याला ‘भी, भी’ म्हणून धमकावतात. मला हसूच फुटलं. अगं, इथे भाजीवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत जो तो ‘और भिया’ म्हणूनच हाक मारतो. भिया म्हणजे भाऊ, घाबर नव्हे, असं कऱ्हाडच्या पोराला नीट समजावलं. एरवीही विचारलेल्याचं उत्तर सावकाश देतो, अंघोळ टाळतो. मी जन्मभर मुलं शिकवली. आळस मला बरोबर ओळखता येतो. सुधारेल.

अरविंदरावांना नमस्कार. प्रकृतीला जप.
शैलाताई

कऱ्हाड
१८ जुलै

ती. ताईस सा. नमस्कार.

भियाची गंमत वाचून आम्ही पोटभर हसलो. हे म्हणाले, मावशीचा धाक बसला की सरळ होईल. तुझ्या भाचीला, अनुष्काला, पाहायला मंडळी यायची आहेत, त्या गडबडीत आहे.

पण ताई, परवा फोनवर तो मला अहो म्हणाला. आईला अहो! चेष्टाच असेल ना?

लोभ आहेच, त्याच्यावर थोडा जास्त ठेव.
अरुंधती

इंदूर
२७ जुलै

चि. अरुंधती, आशीर्वाद.

आता हसू नकोस. काल दुपारी घरात आम्ही दोघंच, खिडक्या बंद. तो भरल्या पानावरून उठला आणि विचारू लागला, आत्ता भी कोण म्हणालं. कोणीच काही बोललं नव्हतं.

मग मी गप्प बसून ऐकलं. तो तुकड्यातुकड्यांनी बोलला. माझं बोलणं, पंखा, शेजारचा टीव्ही, सगळं सारख्याच जोराने त्याच्या अंगावर येतं. त्यातून माझे शब्द वेचेपर्यंत मी पुढे गेलेली असते. पुस्तकातला शब्द न् शब्द कळतो, वाक्य हाती लागत नाही. फोनवर आईचा आवाज दुसरंच कोणी काढतंय असं वाटतं. हे सगळं कोणाला सांगावं, तेच त्याला कळत नव्हतं. हा आळस नव्हे.

आज मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. स्किझोफ्रेनियाची सुरुवात असावी, असं ते म्हणाले. नाव पक्कं व्हायला वेळ लागेल, उपचाराला मात्र उशीर नको. त्याच्याशी शांतपणे, एका वेळी एकच लहान वाक्य बोला, असंही सांगितलं. औषध घ्यायला तो तयार नाही. आईबाबा समोर येऊन म्हणाले तर घेईन म्हणतो. तेव्हा दोघांनी निघावं. सबब चालणार नाही.

शैलाताई

कऱ्हाड
३ ऑगस्ट

ती. ताई, नमस्कार.

हे येत नाहीत. अनुष्काचं ठरेपर्यंत ही गोष्ट कोणाच्या कानावर जायला नको म्हणतात. मी भांडले, रडले, मग एकटीचं तिकीट काढलं. बॅग अनुष्कानेच भरून दिली. आलेल्यांना चहा मी करून देईन, तू जा म्हणाली.

एकच वाक्य बोलायचं म्हणतेस. आजवर त्याच्यामागे नुसती बडबड करत आले, आता त्यातलं कुठलं निवडू? औषध घे म्हणू, की मी तुझी आई आहे म्हणू?

पुण्याला गाडी बदलायची आहे. तिथवर तरी ठरेल.

तुझी
अरुंधती