रिव्हर्स नसलेला रस्ता

३ तारीख, दुपार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी.
हॉलमधला फोटो पुन्हा पाहिला. गेल्या वर्षीची घोडेस्वारीची स्पर्धा. मध्ये घोडी, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मेव्हणा. घोडीच्या मानेवर हात असा टाकलाय, जणू लहानपणापासून त्यानेच वाढवली. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे वडील का? वडील तेव्हा पार्किंग शोधत होते. घोडी मेव्हण्याच्या मोठ्या ट्रकमागच्या ट्रेलरमधून गेली, म्हणून फोटोत तो.
संकल्प: यंदा २८ तारखेला घोडी माझ्या पिकअपमागून जाणार आणि फोटोत मी असणार. जेवताना जाहीर केलं. लेक म्हणाली, मामा नेतोच आहे की. बायको काहीच बोलली नाही. म्हणजे संमती.

५ तारीख
मेव्हण्याचा फोन. पिकअप मध्यम आकाराची आहे हे त्याने तीनदा ऐकवलं. मी गाडीचं पुस्तक उघडून ओढण्याची क्षमता वाचून दाखवली. ट्रेलर आणि घोडी धरूनही तीनशे किलो उरतात. तो म्हणाला, त्यात चारा, पाणी, खोगीर आणि माणसं धर. मी म्हणालो, माणसं आपापलं वजन सांभाळतात. फोन ठेवल्यावर ते वाक्य मलाही नीट कळलं नाही. पण तो गप्प बसला, हे महत्त्वाचं.

७ तारीख
तबेल्याच्या मालकीणबाईंनी ट्रेलर वापरायला दिला. वेल्डरकडे पिकअपला मागे ट्रेलर अडकवायचा हिच बसवून घेतला. त्याने विचारलं, हिचवरचा बॉल केवढा? मी ठणकावून सांगितलं, नेहमीचा. त्याने नेहमीचा बसवला. ट्रेलरची टोपी त्यावर बसली, पण डुगडुगत होती. मला वाटलं, हलायला जागा हवीच. वेल्डरने खाली जॅक लावला तर ट्रेलर अलगद सुटून वर आला. म्हणाला, पहिल्याच खड्ड्यात घोडी एका रस्त्याने जाईल आणि तुम्ही दुसऱ्या.
मोठा बॉल बसवला. मी त्याची परीक्षा घेत होतो, असं त्याला सांगितलं.

१० तारीख
ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंग घरीच केली. अडीच तास. डावा सिग्नल दिला की ट्रेलरचा उजवा लागतो. लेकीने मागे उभं राहून सांगितलं. मी म्हटलं, दोन्ही दिवे चालू आहेत हे आधी बघ. जिभेवर काहीतरी आलं होतं तिच्या, पण गिळलं. आईवर गेली आहे.
(वेल्डरने दहा मिनिटांत दुरुस्त केलं. आयतं तयार मिळालं की काम सोपंच असतं.)

१३ तारीख, सकाळी ७
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की तो विचारात पडतो आणि मग आडवा होतो. ट्रॉल्यांचा कठडा वाकला. वॉचमनने तो सरळ केला आणि म्हणाला, साहेब, उद्या येणार असाल तर आधी सांगा.
सखोल विचार केला. मुळात रिव्हर्स लागतोच कशाला? घोडी पुढे न्यायची आहे. रस्ताच असा आखायचा, की मागे घ्यायची वेळच येणार नाही.
बायकोने विचारलं, आणि आली तर? सांगितलं, माझ्या योजनेत मागे हा शब्दच नाही.

१७ तारीख
वजनाची चाचणी. घोडीऐवजी वाळूची पोती. पिकअपचा मागचा भाग बसला, नाक वर. शोभेना. मग सगळी पोती ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला ढकलली. पिकअप एकदम सपाट! याला म्हणतात डोकं.
मोठ्या रस्त्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग दोन्ही लेन वापरून. घाम फुटला, हे इथेच लिहितो. वेल्डर म्हणाला, थोडं वजन हिचवर बसायलाच हवं, पोती पुढे घ्या. पुढे घेतली. ट्रेलर शहाण्यासारखा वागला.
मेव्हण्याला यातलं काही कळता कामा नये. (बायकोने संध्याकाळीच कळवलं.)

२२ तारीख
घोडीला ट्रेलरमध्ये चढवण्याची तालीम. मी मागून ‘चल’ म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ट्रेलरमध्ये चढतो की काय असं वाटलं. लेक बादली घेऊन आत गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली. घोडी मागोमाग आत.
लेकीला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, काही नाही, घाई नाही एवढंच. पंधरा वर्षांची आहे. माझ्याशी इतक्या शांतपणे ती शेवटचं कधी बोलली, आठवलं नाही. वाईट वाटलं.

२७ तारीख
मेव्हणा म्हणाला, ट्रक तयार ठेवतो. म्हटलं, ठेव, चारा आणायला उपयोगी पडेल. रस्ता तीनदा पाहून आलो. सगळी वळणं पुढची. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. निळा. फोटोत उठून दिसतो.

२८ तारीख, सकाळी ६.३०
निघतो आहोत. घोडी आत, लेक शेजारी. दिवे बरोबर, ब्रेक बरोबर, वजन पुढे. मेव्हणा बायकोला घेऊन परस्पर मैदानावर येणार आहे. बघू दे.

२८ तारीख, संध्याकाळ
गाडी उत्तम चालली. हे आधी नोंदवतो.
मैदान दोन किलोमीटरवर राहिलं आणि रस्ता खोदलेला. काल नव्हता. मी बाजूच्या गल्लीत वळलो. गल्लीच्या शेवटी भिंत.
पंचवीस मिनिटं प्रयत्न केला. ट्रेलर भिंत आणि खांब यांच्यात आडवा बसला. लेक म्हणाली, मामाला बोलावू? मी नाही म्हटलं. तिने घड्याळ पाहिलं. उतरली, ट्रेलरचा दरवाजा खाली घेतला, घोडी बाहेर काढली, खोगीर चढवलं. मी विचारलं, हे काय चाललंय?
“बाबा, घोडीला चालता येतं,” ती म्हणाली. “तुम्ही सावकाश या. घाई नाही.”
घोडीशी बोलते त्याच आवाजात.
ती वेळेत पोचली. स्पर्धेत दुसरी आली. मी उड्या बघितल्या नाहीत. रिकामा ट्रेलर सुटायला दीड तास लागला. मैदानात शिरलो तो नेमका चुकीच्या फाटकातून, आणि पुन्हा मागे घ्यायची वेळ आली.
आत्ताच फोनवर फोटो आला. मध्ये घोडी, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला बायको आणि मेव्हणा. मागे, अगदी कडेला, झेंड्यांच्या पलीकडे, आडवी पिकअप. खिडकीतून निळ्या बाहीचं एक कोपर बाहेर आलंय.
गेल्या वर्षी तेवढंही नव्हतं.
लेकीने तो लगेच फोनवरूनच फ्रेमला पाठवलाय. दुकानदाराने कडा कापू का विचारलं, तर नको म्हणाली.