उतारावरचे ऐन

मार्गशीर्ष, १९४६

प्रिय कृष्णात,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. माधवनगरच्या गिरणीत तुझं बरं चाललंय, खोलीला पूर्वेची खिडकी आहे, हे वाचून माझ्या बायकोला, बनूलाही बरं वाटलं. उत्तर मात्र मी दिलं नाही. पलटणीत सगळ्या कंपनीची पत्रं लिहून देणारा मी, आणि आता स्वतःचं चार ओळींचं लिहायला बसलो की काय सांगावं तेच सुचत नाही. सकाळी ओसरीवर ऊन येतं, दुपारी ते अंगणात उतरतं, मी आहे तिथंच असतो. पुण्याच्या इस्पितळातून सुटल्यावर मेढ्याहून मला डोलीत घालून वर आणलं, त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही. सरकारनं दिलेला लाकडी पाय सपाटीवर ठीक आहे, पण आमच्या गावाला सपाटी म्हणजे देवळापुढचं अंगण तेवढं. तो पाय खुंटीला असतो, मी कुबड्यांवर.

तुमच्या कृष्णाकाठी ऊस. आमच्याकडं थंडीत काय काम असतं ते तुला ठाऊक नसेल. घरामागच्या उतारावर आमची ऐनाची झाडं आहेत. थंडी पडली की त्यांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, आणि उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पसरून जाळायच्या. त्या राखेत नाचणीचं रोप होतं. याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाची भाकरी नाही. छाटताना एकच पथ्य, शेंडा राखायचा. शेंडा राहिला तर झाड पुन्हा फुटतं. लढाईवर जायच्या आधी हे काम माझं होतं. एका झाडावरून दुसऱ्यावर मी खाली न उतरता जायचो. बढाई नाही मारत, तेव्हा कुणीही सांगितलं असतं.

गेल्या थंडीत माझ्या चुलतभावानं, सिद्धूनं, आमचे ऐन छाटले. घाईत दोन झाडांचे शेंडेच उडवले, ती वाळली. यंदा दिवाळीला ओसरीवर येऊन म्हणाला, “ज्योतिबा, तुज्यानं आता काय व्हनार हाय? उतार माज्याकडं दे कसायला. खाण्यापुरतं घालीन की तुला.” बोलण्यात वाईट काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी खाली बघत बसलो. बनू दारात उभी होती. ती म्हणाली, “भावजी, यंदा झाडं आमी छाटतो.” तो हसला, “राब न्हाई झाला तर गुढीपाडव्यापासनं उतार म्या कसनार,” म्हणाला आणि गेला.

आमी म्हणजे कोण, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, माझा कोयता कमरेला खोवला आणि उताराकडं निघाली. आई म्हणाली, “बाईमाणूस झाडावर चढल्यालं या गावानं कवा बगितलं न्हाई.” बनू म्हणाली, “मग आता बगू द्या.”

मी बुंध्याशी बसायचो आणि खालून सांगायचो. पाय कुठं रोव, कुठली फांदी आधी, घाव कुठून घाल. पहिले दोन-चार दिवस ती चुकली, मी ओरडलो. मग ती चुकेना. वरून सपासप फांद्या पडायला लागल्या, आणि मला सांगायला काही उरलं नाही. कृष्णात, खरं सांगतो, मला बरं वाटायला हवं होतं. बायको माझंच काम माझ्याइतकं नीट करत होती. पण मी तिथं कुबड्या मांडीवर घेऊन बसलेला, अंगावर पाला पडतोय, आणि येणाजाणारा वाटसरू आधी वर बघतो, मग माझ्याकडं बघतो, मग पुढं जातो.

अर्धे ऐन झाले होते. मेढ्याच्या बाजारचा दिवस होता, गावातले सगळे धडधाकट गडी खाली गेलेले. बनू मोठ्या ऐनावर होती. अर्धी तोडलेली जाड फांदी बुडातून फाटली, पण तुटून पडली नाही. तशीच लोंबली आणि तिचा पाय बेचक्यात दाबला गेला. हातातला कोयता माझ्या पुढ्यात येऊन पडला. ती किंचाळली नाही. नुसतं म्हणाली, “आवं, पाय अडकलाय.”

मी हाका मारल्या. आई आली, देवळातली दोन म्हातारी माणसं आली, आणि तिघंही वर बघत उभी राहिली. मी कुबड्या टाकल्या, डोक्याचा पटका सोडून त्यानं कोयता पाठीला बांधला आणि झाडाला मिठी मारली. दरसाल छाटून ऐनाला गाठी आलेल्या असतात. त्या गाठींना धरत हातांच्या जोरावर चढलो. तुटका पाय सालीवर घासत होता, भरलेली जखम उसवली, ते मला नंतर दिसलं. बनू वरून म्हणत होती, “तुमी नगा येऊ.” मी जवळ पोचलो तेव्हा म्हणाली, “या.”

तिची बोटं काळीनिळी झाली होती. फांदी तोडायची तर घाव तिच्या पायापासून चार बोटांवर पडणार. मी म्हटलं, डोळे मीट. ती म्हणाली, “न्हाई मिटत. घाला तुमी.” मी घातले. किती ते आठवत नाही. फांदी गेली, पाय सुटला. ती हातांवर अंग तोलत, एका पायानं हळूहळू उतरली.

मी उतरलो नाही, कारण उतरताच येईना. चढताना हात पुरतात. उतरताना पाय खाली आधार शोधतो, आणि माझा पाय शोधून शोधून थकला. दिवस कलेपर्यंत मी बेचक्यात बसून राहिलो. तिथून वेण्णेचं सगळं खोरं दिसतं, मेढ्याची कौलं, साताऱ्याकडं जाणारी मोटार. सव्वा वर्षानं एवढं लांबचं बघत होतो. एखाद्याला मोकळं वाटलं असतं. मला एवढंच वाटलं, की ओसरीवरून उठलो आणि झाडावर येऊन अडकलो. बाजारातून परतलेल्या गड्यांनी मला दोरानं खाली सोडलं. दोर सिद्धूच्या हातात होता. त्यानं फार जपून सोडलं, ते नाकारत नाही. पाय टेकल्यावर हळूच म्हणाला, “आता तरी पटलं का?”

हाडवैद्यानं बनूचा पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलाय. संक्रांतीपर्यंत जमिनीला टेकायचा नाही म्हणतो. आता ओसरीवर आम्ही दोघं असतो, मी एका खांबाशी, ती दुसऱ्या. आई चुलीपाशी पुटपुटत असते. परवा ऊन अंगणात उतरलं तेव्हा बनू बराच वेळ उताराकडं बघत होती. मग म्हणाली, “वरीसभर तुमी हितं कसं बसलासा?” एवढ्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मग खाली बघत तिनं दुसरी गोष्ट सांगितली. तिला तिसरा महिना आहे. झाडावर चढली त्या पहिल्या दिवशीही तिला ठाऊक होतं. आईंनी चढू दिलं नसतं आणि उतार गेला असता, म्हणून बोलली नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सुईण बघून गेली. सगळं ठीक आहे म्हणाली.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. निम्मे ऐन तसेच उभे आहेत. पौष संपायच्या आत छाटले नाहीत, तर पाला वाळणार नाही, राब होणार नाही, आणि पाडव्याला उतार सिद्धूकडं जाईल. गावात मागितलं तर कुणीतरी येईलही. पण गावात मागायला माझी जीभ उचलत नाही. तुझ्याकडं उचलते. इटलीत त्या नदीकाठी सुरुंगानं पाय गेला, तेव्हा तू मला पाठीवर घेऊन रात्रभर चाललास. मी लहान पोरासारखा रडत होतो, आईला हाका मारत होतो. पुढं सगळ्या पलटणीला तू सांगितलंस, ज्योतिबा दात आवळून गप्प होता. ते मला इस्पितळात दुसऱ्याकडून कळलं, आणि त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. रजा मिळेल तेवढी काढून ये. झाडावर कसं चढायचं ते मी खालून सांगेन. कुठल्या दिवशी येतोस ते आधी कळव, साताऱ्याहून मोटार मेढ्याला दुपारी येते. वरची वाट विचारत बसू नकोस, मी लाकडी पाय बांधून खाली येतो. मला वेळ लागेल. तू थांब.

तुझाच,
ज्योतिबा