जमिनीखालच्या पाइपांची किंमत

अण्णा,

१. तुमची पाणीयोजना पालिकेनं ताब्यात घेतली.
२. विहीर, पंप आणि टाकीची किंमत लावली. जमिनीखालच्या पाइपांची शून्य धरली.
३. आई आणि मी नाशिकच्या कोर्टात गेलो.
४. सोमवारी माझी साक्ष आहे.

मूल्यांकनाला आलेल्या पालिकेच्या साहेबांना मी वसाहतीतला एकेक व्हॉल्व्ह दाखवला. ते म्हणाले, पाइप जुने, दिसतही नाहीत. उकरायचा खर्च वजा केला तर भंगाराचेही पैसे सुटणार नाहीत. चालू लाइन उकरायची कशाला, ते सांगितलं नाही. अशा लाइनची किंमत ती आज नव्यानं टाकायला काय लागेल त्यावरून, झीज वजा करून काढतात. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, तेही आहेत. मी एवढंच विचारलं, "मग आज सकाळी या घरांत पाणी कशातून आलं?"

"मॅडम, तुम्ही फार शिकलात," म्हणाले आणि गाडीत बसले.

त्यांच्यावरचा राग मला आवरता येतो. तुमच्यावरचा नाही. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: टाकीखाली मांडव आहे, पहिल्यांदाच नळांना पाणी आलंय, आई जिलेबी वाटतेय. ओझरची नोकरी सोडून, राहतं घर गहाण टाकून तुम्ही ही लाइन टाकली आहे, आणि माइक घेऊन सांगताय, "ही लाइन माझी नाही. तुमची आहे." शेजारचे काका म्हणतात, "मग बिल नका पाठवू, शेठ." सगळे हसतात. तुम्ही सगळ्यांत जास्त.

तेच काका मागच्या तारखेला पालिकेकडून साक्षीला उभे राहिले. अण्णांनी लाइन आम्हाला देऊनच टाकली होती, म्हणाले. स्वतःचा विनोद सांगितला नाही, आणि पुढे दर महिन्याला बिल भरत होते, तेही नाही. आता पालिकेचे वकील म्हणतात, दान दिलेल्या वस्तूची भरपाई कसली? घर अजून गहाणच आहे, आणि आई त्यातच राहते. ती म्हणते, "बोलायचे गं ते. चार माणसं जमली की त्यांना राहवायचं नाही."

सोमवारी मला विचारतील, ते असं बोलले होते का. हो. तसंच त्यांच्या मनात होतं का? आई म्हणते तसं सांगितलं तर घर सुटेल. पण मांडवात मी पुढच्याच रांगेत होते. मला ते खरं वाटलं होतं, आणि तुमचा फार अभिमान वाटला होता. हे मी आईला सांगितलेलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तरी तुमच्या मनात काय होतं, ते रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.